जेवत्या माणसाला उठवू नये

५ ऑगस्ट

वकीलबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही दर वेळी काहीतरी वेगळंच सांगता. कोण काय बोललं ते त्याच दिवशी लिहून ठेवत जा." म्हणून ही डायरी. जावयांच्या कंपनीची आहे, गेल्या सालची, कोरीच राहिली होती. छापलेले वार यंदाच्या तारखांना जुळत नाहीत, म्हणून वार खोडून तारीख तेवढी ठेवतो. खाडाखोड चालते का, हे विचारायचं राहिलं.

सुरुवातीपासून लिहितो. मी पिराजी बाबू खाडे, शिक्षण सातवी, पण सातवीच्या परीक्षेला बसलो नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याला आमचं गुऱ्हाळ होतं आणि त्याला लागून राहतं घर. कालव्यासाठी दोन्ही घेतलं. कालवा खणला, पाणी आलं नाही. आता त्यात पोरं क्रिकेट खेळतात. दिलेला मोबदला कमी होता असं कोर्टाने ठरवलं आणि वाढीव पैसे द्या असा हुकूम केला. त्यालाही बरीच वर्षं झाली. हुकूम झाला म्हणजे पैसे मिळतात असं मी समजत होतो. तसं नसतं. हुकूम झाल्यावर तो पाळायला लावा म्हणून पुन्हा कोर्टात जावं लागतं. त्याला दरखास्त म्हणतात. त्या दरखास्तीवर आता कोर्टाने जप्तीचं वॉरंट काढलं आहे. कोर्टाचा बेलिफ कालव्याच्या ऑफिसात जाणार आणि पैशाच्या बदल्यात खुर्च्या, कपाटं, साहेबांची गाडी उचलून आणणार.

मी विचारलं, कोर्ट सरकारचं, ऑफिस सरकारचं, खुर्च्याही सरकारच्या. मग यात मी कुठे आलो?

वकीलबाई म्हणाल्या, "तुम्ही बेलिफाबरोबर जायचं आणि बोट करून दाखवायचं. ही खुर्ची, ती गाडी. तुम्ही दाखवल्याशिवाय तो हात लावत नाही."

बोट करायचं. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं.

८ ऑगस्ट

आम्ही राजारामपुरीत जावयांच्या घरी राहतो. हे लिहिताना हात अडखळतो, पण सगळं लिहा म्हणाल्यात. घर भाड्याचं. मुलगी क्रांती शिकवण्या घेते, जावई अमरसिंह कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहेत. शांत माणूस. मला मामा म्हणतात, मी आलो की टीव्हीचा आवाज कमी करतात. पण जावयाचं घर ते जावयाचं घर. मी तिथे दीड भाकरी खातो. गावाकडे तीन खायचो.

"तुमची भूक काय पावण्यांस्नी बघून पळून जाती व्हय?" असं ही विचारते. ही म्हणजे बयाबाई, माझी मंडळी.

आज जेवताना जावई म्हणाले, कंपनी त्यांना पुण्याच्या कारखान्यात पाठवणार आहे. दिवाळीनंतर. "मामा, तुम्ही आणि मामीपण चला. मोठं घर बघू." मी मान हलवली, पण होय म्हणून हलवली नाही. जावयाच्या सामानात आपली ट्रंक टाकून गावोगाव फिरायचं हे माझ्याच्यानं व्हायचं नाही. गावात कालव्याच्या पलीकडे आमचा एक तुकडा उरला आहे. पैसे आले तर तिथे दोन खोल्या होतील. दिवाळीच्या आत आले पाहिजेत. नाही आले तर काय, याचा विचार केला की डोक्यात मुंग्या येतात.

१२ ऑगस्ट

उद्या जायचं आहे. हिने माझ्याकडून बोट करायची तालीम करून घेतली.

"त्या फ्रीजकडं करा."

केलं.

"म्हणा, ह्ये जप्त करा."

म्हणालो. क्रांतीच्या शिकवणीची पोरं हसायला लागली.

"आता माझ्याकडं करा."

ते जमलं नाही. लग्नाच्या बायकोकडे बोट कसं करायचं?

"मग खुर्चीत सायब बसलेला असंल तवा काय करणार? आधी त्येला उठवाय लागंल की."

याचा मी विचारच केला नव्हता. वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला उद्या दुसरीकडे तारीख आहे, मी येत नाही. बेलिफ अनुभवी आहेत. तुम्ही खुर्च्यांचं सोडा, आधी गाडी दाखवा. लक्षात राहील ना? गाडी."

राहील म्हणालो.

१३ ऑगस्ट

आज जे झालं ते नीट क्रमाने लिहितो, कारण मला त्याचा अर्थ लागलेला नाही.

भाड्याचा टेम्पो केला होता, बरोबर दोन हमाल. बेलिफाचं नाव आकाराम, वयस्क माणूस, पोटावर चामड्याची बॅग. टेम्पोवाल्याला पत्ता सापडेना, त्यामुळे पोहोचायला दुपार झाली. गाडी आवारात चिंचेखाली उभी होती. पांढरी, पुढे पाटी. तिचा ड्रायव्हर बाबालाल तिच्या काचा पुसत होता. इतक्या मायेने पुसत होता की मला वाटलं, आत्ताच बोट करायला नको. आधी आत जाऊन नमस्कार करावा, मग बाहेर येऊन दाखवावी.

आत सगळे नुकतेच जेवायला बसले होते. दोन टेबलं जोडलेली, डबे उघडलेले, कोणी भाकरी मोडली होती, कोणाचा पहिला घास हातात होता. आकारामने साहेबांच्या खोलीत जाऊन वॉरंट दाखवलं. साहेब तरुण आहेत, वाचून चेहरा उतरला, फोन लावायला लागले. आकाराम बाहेर आला आणि म्हणाला, "हं आजोबा, दाखवा. कुठल्या खुर्च्या?"

एकही खुर्ची रिकामी नव्हती. प्रत्येकीवर जेवता माणूस.

माझी आई म्हणायची, जेवत्या माणसाला उठवू नये, कुत्र्यालासुद्धा नाही. आमच्या गुऱ्हाळावर सावकाराचा माणूस आला तरी जेवणारे हात धुईपर्यंत ओसरीवर थांबायचा. माझं बोट वर होईना. मी म्हणालो, "जेवू दे त्यांना. मग बघू."

तिथे धोंडुबाई म्हणून शिपाईण आहे. अंगाने भरलेली, आवाज खणखणीत. ती उठूनच आली. "बघा, बघा! ह्येला म्हणायचं माणूस. पावणं, उन्हाचं आलाय, आधी बसा. जप्ती काय पळून जाती?" आणि माझ्यासाठी स्टूल ओढलं.

मी नको म्हणालो. तिने ऐकलं नाही. वांग्याचं भरीत, खर्डा, ज्वारीची भाकरी. भरीत चुलीवर भाजल्यासारखं लागत होतं. मी एक भाकरी खाल्ली, ती म्हणाली, "एवढ्यानं काय हुतंय? आमच्या दारात येऊन उपाशी राहणार? पाप लागंल आमाला." दुसरी वाढली. मग कोणाला तरी आठवलं की दही नाही. माणूस धाडला. दही येईपर्यंत थांबलो. दही आलं तेव्हा भाकरी संपली होती, म्हणून तिसरी घेतली. मग केळी मागवली, केळीवाला लांब होता. आकारामलाही बसवलं. हमालांना बाहेर चहा दिला.

मध्येच गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठायला लागलो तर धोंडुबाईने खांद्यावर हात ठेवला. "बसा वो. डिझेल घालून येतोय बाबालाल. उठू नका मदनंच, अन्नाचा अपमान हुतोय."

खरं होतं ते. बसलो.

चौथी भाकरी झाली. याआधी चार भाकऱ्या कधी खाल्ल्या होत्या, मला आठवत नाही.

हात धुऊन आलो तर साहेब खोलीत नव्हते. गाडी परत आली नव्हती. टेम्पोवाल्याचं दुसरं भाडं होतं, तो निघून गेला होता. मोठे कारकून फार अदबीने म्हणाले, कपाटं जरूर न्या, पण आतल्या फायली कोर्टाने मागितलेल्या नाहीत, त्या एकेक करून यादीने उतरवाव्या लागतील. आकारामने बॅगेतून कागद काढून काही लिहिलं आणि आम्ही निघालो.

फाटकाशी तो म्हणाला, "आजोबा, पोट भरलं का?"

मी म्हणालो, "भरलं. माणसं चांगली आहेत."

तो हसायला लागला. इतका हसला की मोटारसायकलला धरून उभा राहिला. का हसला, ते विचारलं नाही.

१४ ऑगस्ट

वकीलबाईंच्या ऑफिसात गेलो. नाव राजनंदिनी, वयाने माझ्या क्रांतीहून लहान, पण रागावल्या की मला शाळेतले गुरुजी आठवतात. ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला.

"आजोबा, तुम्हाला जेवायला घातलं आणि गाडी पळवली."

"डिझेल घालायला गेली होती."

"आणि साहेब?"

"तेही गेले असतील."

"डिझेल घालायला?"

चिडलेल्या माणसापुढे बोलू नये.

घरी हिने एकच गोष्ट विचारली. काय काय वाढलं? मी सांगितलं. भरीत, खर्डा, दही, केळी.

"दही आधीपासनं हुतं का मागनं आणलं?"

"मागून."

"आन् केळी?"

"त्याच्याही मागून."

"हं," म्हणाली आणि पीठ मळायला उठली. मला वाटलं भांडेल. भांडली नाही. ही भांडत नाही तेव्हा मला जास्त भीती वाटते.

२२ ऑगस्ट

नवीन वॉरंट काढायला पुन्हा अर्ज करावा लागणार. पुढची तारीख सप्टेंबरात.

इकडे माझ्या मनात एक वेगळंच चाललं आहे. ज्यांचं मीठ खाल्लं त्यांच्या खुर्च्या कशा उचलायच्या? धोंडुबाई काही माझी जमीन घेऊन बसलेली नाही. बाबालालने काही कालवा खणला नाही. साहेबही मागच्या वर्षी बदलून आलेत. मग माझे पैसे नक्की कोणी थकवले आहेत? ज्याला विचारावं तो वर बोट करतो. वरचे मुंबईकडे बोट करतात. बोट करायची तालीम त्यांची माझ्यापेक्षा चांगली आहे.

हिला म्हणालो, थोडी मुदत दिली तर?

ही म्हणाली, "मीठ तुमच्या पोटात गेलंय, घर त्यांच्या कालव्यात. फिटलं व्हय त्येवढ्यात?"

१० सप्टेंबर

तारीख होती. कालव्याच्या ऑफिसचे वकील उठून म्हणाले, तरतूद नाही, मुदत द्या. दिली. गणपती झाले, गौरी जेवल्या, मी दीड भाकरीवरच आहे. क्रांती पुरणपोळी वाढायला आली तर ताटावर हात धरला. ती पोळी तशीच घेऊन आत गेली. जावई माझ्याकडे बघत होते. माझं काय चुकलं कोण जाणे.

३ ऑक्टोबर

हे वकीलबाईंना दाखवायचं नाही.

सकाळी जावई गॅलरीत फोनवर बोलत होते. मी आत चहा पीत होतो. ऐकायचं नव्हतं, पण कान माझे ऐकत नाहीत. ते म्हणत होते, "नाही सर, दिवाळीनंतर लगेच नाही जमणार. घरची अडचण आहे. जानेवारीपर्यंत बघा ना. हो, माहीत आहे, जागा दुसऱ्याला जाईल. पण अडचण आहे."

घरची अडचण.

म्हणजे आम्ही. दुसरं कोण आहे घरात?

मी चहा अर्धाच ठेवला. हिला सांगितलं. ही म्हणाली, "मग?" मी म्हणालो, "मग म्हणजे? आपण त्यांच्या वाटेत आहोत." ही माझ्याकडे असं बघत राहिली की जणू मी सातवी नव्हे, बालवाडीही नापास आहे. "तुमाला कान दिलं देवानं, पर मदी काय ठिवलंच न्हाय," असं म्हणाली. याचा अर्थ मला अजून कळला नाही.

दुपारी क्रांती सांगत होती, कंपनीने बदली जानेवारीवर ढकलली. या कंपन्यांचं काही धड नसतं.

६ नोव्हेंबर

दिवाळी होऊन गेली. आज नवीन वॉरंट हातात आलं. वकीलबाई म्हणाल्या, या वेळी मी येणार, अकराला पोहोचायचं, जेवणाच्या वेळेच्या पुष्कळ आधी. "आणि आजोबा, तुम्ही तिथे पाणीसुद्धा प्यायचं नाही."

ही म्हणाली, "मी बी येनार हाय."

"तुझं काय काम तिथे?"

"तुमच्या ताटावर नदर ठेवाय."

१९ नोव्हेंबर

जमेल तसं लिहितो.

सकाळी उठलो तर ही भाकरी थापत होती. तीन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, एक कांदा, फडक्यात बांधून पिशवीत टाकलं. मी म्हणालो, अकराला जायचं आहे, जेवायला आपण घरी येतो. म्हणाली, "भूक काय इचारून लागती?" मी म्हणालो, मला एक कांदा जास्त घे. म्हणाली, "ह्ये तुमचं न्हाय."

लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या आधी ही कधी जेवली नाही. माझं नाही म्हणजे काय, हे रिक्षात बसून विचार करत होतो.

पुढे आकारामचा टेम्पो, मागे आमची रिक्षा. टेम्पो फाटकात शिरतानाच कोणीतरी पाहिलं असणार. आकाराम आणि वकीलबाई पुढच्या दाराने आत गेले साहेबांना भेटायला आणि त्याच वेळी साहेब मागच्या दाराने बॅग घेऊन बाहेर आले. मी फाटकाशी रिक्षावाल्याकडून सुटे पैसे घेत होतो. बाबालालने इंजिन सुरू केलेलं. साहेब चिंचेखाली पोहोचायच्या आत ही पोहोचली.

ही गाडीला वळसा घालून गेली आणि बाबालालला म्हणाली, "भाऊ, दार उघडा की."

बाबालाल चांगल्या घरचा माणूस. बाई दार उघड म्हणतेय म्हटल्यावर त्याने वाकून आतून दार उघडलं. ही चढली. पुढच्या सीटवर, साहेबांच्या जागेवर, मांडी घालून बसली. पिशवीतून फडकं काढलं, मांडीवर पसरलं, भाकरी मोडली आणि जेवायला लागली.

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

साहेब आले. "अहो बाई, खाली उतरा. तातडीचा दौरा आहे."

हिने घास चावून खाल्ला. मग म्हणाली, "सायब, जेवत्या माणसाला उठवता व्हय?"

"अहो, पण ही सरकारी गाडी आहे!"

"आन् मी काय परक्या मुलखाची हाय? आमचं घर बी सरकारीच झालंय की. तितं तुमी बसलाय, हितं मी बसती."

साहेबांनी बाबालालकडे पाहिलं. बाबालालने इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवले. "साहेब, घास हातात हाय त्यांच्या. माझ्याच्यानं न्हाय हुनार."

"धोंडुबाई!" साहेब ओरडले.

धोंडुबाई पळत आली, हिला बघितलं आणि जागीच थांबली. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. ओळख ना पाळख, पण मला वाटलं दोघींना काहीतरी माहीत आहे आणि मलाच तेवढं नाही.

ही म्हणाली, "या बाई, चटणी खावा. आमच्या ह्यांनी तुमच्या भरताचं लई नाव काढलं."

धोंडुबाईने पदर तोंडाला लावला. रडते की काय वाटलं. खांदे हलत होते. मग म्हणाली, "साहेब, जेवू द्या त्यांना. उठवून कसं चालंल?"

मी हिच्याजवळ गेलो, खिडकीतून हळूच म्हणालो, "अगं, माणसं बघतायत. उतर. घरी जाऊन जेव." ही म्हणाली, "तुमी गप उभं ऱ्हावा. चटनी संपली न्हाय अजून." आणि असा बारीक घास घेतला की चिमणीला पुरला नसता. ही कामाची बाई, उभ्या-उभ्या जेवून मोकळी होणारी. एक कांद्याची पाकळी तिने किती वेळ चघळली!

तेवढ्यात वकीलबाई आणि आकाराम धावत आले. वकीलबाईंनी गाडीत पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा गाडीत पाहिलं. आकारामने वॉरंट काढलं. "हं आजोबा. दाखवा."

मी बोट वर केलं. बोट गाडीकडे करायचं होतं, गेलं सरळ हिच्याकडे.

आकाराम म्हणाला, "बाईसकट जप्त करू व्हय?"

सगळे हसले. साहेबसुद्धा, थोडेसे. मी म्हणालो, "गाडी. गाडी तेवढी." आवाज निघाला. एवढं तरी जमलं.

पंचनामा गाडीच्या बॉनेटवरच लिहिला. आकारामला गाडी चालवता येत नाही, त्यामुळे कोर्टात न्यायलाही बाबालालच लागला. ही उतरायला तयार नाही. पुढे ही, पाठीमागे आकाराम, वकीलबाई आणि मी. कोर्टाच्या आवारात गाडी लावली, चाव्या जमा झाल्या, दारावर कागद चिकटवायची वेळ आली तेव्हा कुठे ही खाली उतरली.

साहेब बिचारे फाटकात उभे राहिले होते. निघताना मीच त्यांना सांगितलं, कोपऱ्यावर रिक्षा मिळते.

२० नोव्हेंबर

काल दिवसभर मला जेवायला मिळालं नाही, हे आत्ता लक्षात आलं.

१५ डिसेंबर

पैसे कोर्टात जमा झाले. वकीलबाईंनी फोन केला तेव्हा मी दोनदा विचारलं, माझेच ना?

इतकी वर्षं तरतूद नव्हती. गाडी गेल्यावर महिन्याच्या आत झाली. साहेबांना रिक्षाने फिरावं लागल्यावर मुंबईला कसं कळतं, हे मला कोणीतरी समजावून सांगावं. जावयांना विचारलं. ते म्हणाले, "मामा, सोडा आता. विटा कुठून आणायच्या ते बोलू." आणि वहीत दोन खोल्यांचा नकाशा काढून दाखवला. खिडकी कुठे हवी ते मामींना विचारा म्हणाले. कंपनीने बदली आता मार्चवर ढकलली आहे म्हणे. देवच आहे पाठीशी, नाहीतर कंपनीला काय पडलं होतं?

२ जानेवारी

गाडी सोडायला माझी हरकत नाही, अशी सही करायला कोर्टात गेलो होतो. बाबालाल गाडी न्यायला आला होता. धुळीने भरली होती बिचारी. त्याने आधी बाटलीतल्या पाण्याने काच धुतली.

मग दार उघडून आत बघितलं आणि मला हाक मारली. "चाचा, हे तुमचं."

पुढच्या कप्प्यात हिचं फडकं होतं. सोडलं तर आत अर्धी भाकरी. वाळून कडकडीत झालेली.

"चाचींचं ऱ्हायलं त्या दिवशी," तो म्हणाला. "पंचनाम्यात न्हवतं, म्हणून मी सांगितलं बी न्हाय कुणाला."

घरी येऊन हिच्यापुढे ठेवलं. म्हणालो, "तीन भाकऱ्या बांधून नेल्यास, इतका वेळ जेवत बसलीस, आणि अर्धी टाकलीस? अन्न टाकू नये एवढं कळत नाही?"

ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "संपली असती तर उठाय लागलं असतं की."

मी फडक्याची गाठ पुन्हा बांधली.

म्हणजे दही मागून आलं ते. आणि केळीवाला लांब होता तो. धोंडुबाईने चौथी भाकरी वाढली तेव्हा तिच्या मनात काय होतं, हे मला आत्ता कळतं आहे. पण भरीत चांगलं होतं. खांद्यावरचा हातही खरा होता, मायेचा होता. फसवणारी बाई आणि वाढणारी बाई एकच कशी असेल? की दोन्ही होतं एकदम? ज्याला हे कळतं त्याने सातवीच्या पुढे शिकलेलं असावं.

८ मार्च

खोल्या झाल्या. वर पत्रा आहे, पण उत्तरेला खिडकी आहे, तिथून कोरडा कालवा दिसतो. जावई दर रविवारी जाऊन गवंड्यामागे उभे राहिले. रंगाचे डाग त्यांच्या चांगल्या पँटवर पडलेत.

आज त्यांचं सामान बांधताना क्रांती बोलून गेली. पुण्याला जी वरची जागा मिळणार होती ती दुसऱ्याला गेली. आता आहे त्याच जागेवर जायचं. मी विचारलं, का गेली? ती म्हणाली, "उशीर झाला म्हणून, आबा." आणि दोरी आवळत राहिली.

उशीर तर कंपनीने केला होता.

मी ऑक्टोबरातलं पान काढून पुन्हा वाचलं. त्यात मी जे लिहिलं आहे त्याच्याकडे बघत बसलो. अडचण. जागा दुसऱ्याला जाईल. पण अडचण आहे. अक्षर माझंच आहे. वाचणारा मी नव्हतो बहुतेक.

९ मार्च

उद्या सकाळी ते पुण्याला, आम्ही गावाला. भांडी बांधून झाली होती, चार ताटं तेवढी बाहेर. जमिनीवर बसलो. हिने भाकरी केली होती, क्रांतीने वांग्याचं भरीत.

दीड भाकरी झाली. जावई टोपली घेऊन आले. मला वाटतं त्यांनी सवयीने विचारलं असेल, "मामा, अजून?"

मी ताटावर हात धरला नाही.

दुसरी संपली. त्यांनी न विचारता तिसरी वाढली. क्रांती आईकडे बघत होती. मला त्यांना फोनबद्दल काहीतरी विचारायचं होतं, पण कसं विचारायचं ते जमेना. मग मी घास लहान घ्यायला लागलो. कांद्याची एकेक पाकळी काढून खाल्ली. ही माझ्याकडे बघून गालात हसली.

जावयांचं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. हात वाळले होते त्यांचे. पण ते उठले नाहीत. माझ्या ताटात अर्धी भाकरी होती.